विंगेतून : सर कधीच ‘छान’ म्हणत नाहीत

मागच्या अंकात ओम पुरींच्या ‘आक्रोश’ चित्रपटाबद्दल जाता जाता सहा ओळी लिहिल्या आणि या महिन्याच्या टपालात जिकडेतिकडे ओम पुरी निघाले. तेव्हा हा महिना त्यांचाच. साडीवरचे तेलकट रंग कसे काढायचे हे विचारणाऱ्या ताईंनी एक महिना दम धरावा.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख : एकोणतीस वर्षं बँकेत कॅशियर आणि जवळपास तितकीच वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी. रंगमंचावर उजेडात एकदाच आले, तेही पडदा मध्येच अडकला म्हणून.

प्रश्न : मावशी, मी २१ वर्षांचा आहे. सांगलीत एका ग्रुपबरोबर एकांकिका करतो. तीन वर्षं एकाच सरांकडे तालीम चालू आहे. बाकी मुलांना सर ‘छान’ म्हणतात, मला आजवर एकदाही म्हणाले नाहीत. उलट रात्री साडेदहाला सगळ्यांना सोडतात आणि मला थांबवून तोच प्रवेश पुन्हा करायला लावतात. व्हिडिओंमध्ये ओम पुरींबद्दल नसीरुद्दीन शाहांपासून सगळे किती भरभरून बोलतात. माझ्यात तसं काही नाही असं समजून नाटक सोडू का? – एक हौशी, सांगली

उत्तर : अरे, तुझंच पत्र पुन्हा एकदा वाच. रात्री साडेदहाला सगळ्यांना घरी पाठवून सर तुला एकट्याला थांबवतात. हॉलचं भाडं तासावर, वॉचमन किल्ली वाजवत दारात उभा, सरांची शेवटची बस चुकायच्या बेतात. एवढं करून ते काय तुझा अपमान करायला थांबत असतील? ‘छान’ हा शब्द म्हणजे मोकळं करण्याची पद्धत असते. ज्याच्याकडून आणखी काही निघणार नाही असं वाटतं, त्याला दिग्दर्शक ‘छान’ म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. सगळेच असे नसतात, पण मी विंगेत बसून पुष्कळ पाहिलेत.

आता तू ज्यांचं नाव काढलंस त्यांचंच बघ. ओम पुरी अंबाल्याचे. जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नव्हती. आई म्हणायची, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी झालास. शाळेत घालताना मामांनी ९ मार्च १९५० लावून टाकली. पुढे मुंबईत आल्यावर त्यांनी १९५० सालचा दसरा कधी होता ते बघितलं आणि १८ ऑक्टोबर ही तारीख स्वतःच स्वतःला दिली. वडील रेल्वेत होते. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्यावर सिमेंटचोरीचा आळ आला, ते तुरुंगात गेले आणि घर उघड्यावर आलं. मोठा भाऊ हमाली करू लागला. हा चहाच्या टपरीवर कपबश्या विसळायचा आणि रेल्वेच्या रुळांवर सांडलेला कोळसा वेचायचा. अशा पोराला ‘छान’ कोण म्हणणार?

पहिले गुरू पतियाळ्याला भेटले, हरपाल तिवाना. त्यांच्या ‘पंजाब कला मंच’मध्ये हा पोरगा काम करू लागला. तिवाना स्वतः दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले. १९७० साली ओमही तिथेच पोचला. नसीरुद्दीन शाह त्याच तुकडीत. आणि विद्यालयाच्या डोक्यावर इब्राहिम अल्काझी. अल्काझी आपल्या पुण्याचे बरं का! जन्म पुण्यातला, शाळा लष्कर भागातली सेंट व्हिन्सेंट. तारीख १८ ऑक्टोबर १९२५. ही तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचली होती. शिष्यानं पंचांग बघून निवडलेला वाढदिवस नेमका गुरूचा निघाला. (यात काही अर्थ काढू नकोस. मला गंमत वाटली म्हणून सांगितलं.)

अल्काझींचा दरारा असा की ते विद्यार्थ्यांचं उच्चारण तपासायचे तसे संडासही तपासायचे. रंगमंचावरची धूळ अंगठ्यानं पुसून बघणारा माणूस. त्यांच्यापुढे पंजाबी माध्यमातून आलेला, इंग्रजीच्या भीतीनं वर्गात मिटून बसणारा ओम, आणि शेजारी कॉन्व्हेंटमधून आलेला, नाटकातली इंग्रजी पल्लेदार वाक्यं फाडफाड बोलणारा नसीर. आता सांग, पहिल्या वर्षी कुणाचं कौतुक झालं असेल?

मग ‘इबारागी’ नावाचं जपानी काबुकी नाटक विद्यालयात बसवलं गेलं आणि ओमला मुख्य भूमिका मिळाली. काबुकीत आपल्या सवयीचं काहीच चालत नाही. आवाज ताणायचा, पाऊल मोजून टाकायचं, मान वळवली तर ती कुठे थांबवायची हेसुद्धा ठरलेलं. ‘मी असाच आहे’ म्हणणाऱ्या नटाची तिथे दांडी गुल. नसीरुद्दीन यांनी आपल्या आत्मचरित्रात या प्रयोगाबद्दल लिहिलं आहे, आणि ते लिहिताना त्यांनी ओमला हार घातलेला नाही, स्वतःला उणं केलंय. हा गप्प मुलगा या काळात कुठल्या कुठे गेला आणि आपण आहे त्याच भांडवलावर जगत राहिलो, हे त्या संध्याकाळी त्यांना लख्ख दिसलं. नटानं नटाबद्दल असं छापून ठेवणं म्हणजे काय, ते तुला अजून चार-पाच स्पर्धा केल्यावर कळेल. विंगेत उभं राहून दुसऱ्याला पडलेली टाळी ऐकणं फार अवघड असतं रे.

तुला जे व्हिडिओ दिसतात ते सगळे नंतरचे आहेत. एकविसाव्या वर्षी ओम पुरींचाही कुणी व्हिडिओ काढत नव्हतं.

माझी एक गोष्ट सांगते आणि तुला सोडते. आमचे एक दिग्दर्शक होते, त्यांचं नाव घेत नाही. अकरा नाटकं मी त्यांच्यासाठी प्रॉम्प्टिंग केलं. एका प्रयोगात मुख्य नटानं दीड पान गाळलं. मी विंगेतून दुसऱ्याच नटाला त्याचं पुढचं वाक्य दिलं आणि गाडी रुळावर आणली. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. वाटलं, आज तरी हे काही बोलतील. ते आले, माझ्या हातातली संहिता बंद केली आणि म्हणाले, “पुढच्या सोमवारपासून नवीन नाटक. सात वाजता ये.” बस्स. मी घरी येऊन रडले होते. पण सोमवारी पावणेसातला हजर होते.

दिग्दर्शक गोविंद निहलानींनी ओम पुरींना ‘आक्रोश’मध्ये घेतलं, मग ‘अर्धसत्य’, ‘पार्टी’, ‘आघात’, ‘तमस’, ‘द्रोहकाल’. १९८० साली सुरू झालेलं हे २००४ च्या ‘देव’पर्यंत चालू राहिलं. श्याम बेनेगलांचंही तेच. ‘आरोहण’मध्ये बंगालचा बटाईदार शेतकरी, ‘सुस्मन’मध्ये पोचमपल्लीचा विणकर, आणि ‘भारत एक खोज’मध्ये तर इतक्या भूमिका की मोजायला दोन्ही हातांची बोटं लागावीत. त्यात शिवाजी महाराज नसीरुद्दीन आणि औरंगजेब ओम पुरी! दिग्दर्शकाचं ‘सोमवारी सात वाजता ये’ हे असं दिसतं.

तेव्हा तुझ्या सरांनी पुढच्या एकांकिकेसाठी तुला बोलावलंय का, एवढंच मला कळव. बोलावलं असेल तर गप्प जा. बोलावलं नसेल तर मग आपण बोलू.

प्रश्न : बाबांची आणि माझी पैज लागली आहे. बाबा म्हणतात ओम पुरींनी मराठी चित्रपटात काम केलंय, मी म्हणते शक्यच नाही, ते पंजाबी. हरेल त्यानं पुरणपोळ्या करायच्या. बंगळुरूत चांगली पुरणपोळी विकत मिळत नाही, तेव्हा लवकर उत्तर द्यावं. – बाबांची लेक, बंगळुरू

उत्तर : डाळ भिजत घाल. बाबा जिंकले.

ओम पुरी दिल्लीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकायला आले. नसीरुद्दीन तिथे आधीच पोचले होते. त्या दिवसांत ओमकडे अंगावर घालायला धड शर्ट नव्हता म्हणतात. आणि १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ हा त्यांचा अगदी सुरुवातीचा चित्रपट, मराठीतला. तेंडुलकरांचं नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात रंगमंचावर आलं आणि त्यावरून काय रण माजलं ते बाबांना विचार, ते पोळ्या खाता खाता सांगतील. चित्रपट केला तो इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी, ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून. मणि कौल, के. हरिहरन अशी मंडळी. नाना फडणवीस मोहन आगाशे, नाटकातले होते तेच. आणि घाशीराम ओम पुरी. अशा कामांचे पैसे म्हणजे शेंगदाणे, असं ओम पुरी पुढे हसत सांगायचे.

आता पैजेबाहेरची एक गंमत. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केला. त्यात पुन्हा हेच दोघे समोरासमोर. ओम पुरी दुखी चांभार, मोहन आगाशे त्याला उपाशीपोटी राबवून घेणारा पंडित. त्या पंडिताचं नाव काय असावं? घासीराम! प्रेमचंदांनीच कथेत ठेवलेलं आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या नटानं घाशीराम केला, तो या वेळी दुसऱ्या घासीरामाच्या दारात मरतो. सहकलाकार एकमेकांना किती ओळखत असले पाहिजेत ते अशा जोडीत दिसतं. आगाशे त्याच्याकडे धड बघतही नाहीत, आणि ते न बघणं ओम पुरी पाठीनं झेलतात.

मराठीशी त्यांचं नातं आणखीही आहे. मुंबईत ‘मजमा’ ही नाटकमंडळी काढून त्यांनी गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हिंदीत केलं. ‘पार्टी’ एलकुंचवारांच्या नाटकावरून. ‘आक्रोश’ तेंडुलकरांचा. ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून, पटकथा पुन्हा तेंडुलकर, त्यातली चक्रव्यूहाची कविता दिलीप चित्र्यांची आणि समोर उभा रामा शेट्टी नगरचा, सदाशिव अमरापूरकर. पोळ्या झाल्या की बाबांना आणखी एक वाढ.

प्रश्न : माणूस गेला की सगळेच त्याला थोर म्हणतात. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात कोण वाईट बोलणार? सहकलाकारांची ही स्तुती मला शिष्टाचारच वाटते. शिवाय ओम पुरींच्या घरगुती भांडणांबद्दल वर्तमानपत्रांत काय कमी छापून आलं होतं? – एक सेवानिवृत्त वाचक, डोंबिवली

उत्तर : अर्धं तुमचं खरं. मीही शोकसभांना जाते आणि तिथे ज्या माणसाचं वर्णन चालू असतं तो आपल्या ओळखीचा होता का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

म्हणून मी साधी कसोटी लावते : बोललेलं जिवंतपणी बोललं होतं का, आणि बोलणाऱ्याला त्याची काही किंमत द्यावी लागली का. ओम पुरी ६ जानेवारी २०१७ ला गेले. नसीरुद्दीन यांचं पुस्तक २०१४ चं. म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलं तो वाचायला हजर होता.

त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. १९७७ च्या सुमारास, ‘भूमिका’चं काम चालू असताना, हॉटेलात जेवायला बसलेल्या नसीरुद्दीनच्या पाठीत एका जुन्या ओळखीच्या माणसानं सुरी खुपसली. टेबलावर समोर ओम होता. त्यानं झडप घालून त्या माणसाला आवरलं. पुढे पोलिसांनी नको म्हटलं तरी त्यांच्या गाडीत घुसला आणि मित्राला दवाखान्यात लवकर न्या म्हणून त्यांच्या मागे लागला. यानंतर नसीरुद्दीन जे काही म्हणतील त्याला तुम्ही शिष्टाचार म्हणा, माझी हिंमत नाही.

आणि पडद्यावरचा पुरावा. ‘आक्रोश’मध्ये बोलणारा वकील नसीरुद्दीन, आणि जवळजवळ सगळा चित्रपटभर तोंड न उघडणारा लहान्या भिकू ओम पुरी. बायकोच्या खुनाचा आळ अंगावर, आणि हा आपल्याच वकिलाशी बोलायला तयार नाही. प्रॉम्प्टर म्हणून सांगते, वाक्यं नसलेला नट सांभाळणं सगळ्यांत कठीण. वाक्य विसरलं तर मी देऊ शकते. गप्प बसणं विसरलं तर काय देणार? तीन वर्षांनी ‘अर्धसत्य’ आला. आता ओम पुरी मध्यभागी, सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, आणि नसीरुद्दीन दारूत बुडालेला, निलंबित पोलीस लोबो, दोन-चार प्रसंगांपुरता. नावाजलेल्या नटानं मित्राच्या चित्रपटात एवढ्याशा जागेत येऊन उभं राहणं. ‘आरोहण’साठी आणि लगेच पुढच्या वर्षी ‘अर्धसत्य’साठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हॅरीच्या चित्रपट महोत्सवातही वेलणकरच जिंकला. ते बरंच झालं, पण तो लोबो माझ्या दृष्टीनं त्या वर्षीचा तिसरा पुरस्कार होता.

घरगुती भांडणांबद्दल : वाचलं होतं, तुमच्यासारखंच चवीनं वाचलं होतं. हे सदर त्यासाठी नाही. चांगला नट म्हणजे चांगला नवरा, असं मी कधी म्हटलेलं आठवत नाही. माझ्या माहितीतल्या हौशी नटांवरून तर मुळीच नाही.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा. त्याला नाटकात जायचंय. चेहऱ्यावर मुरुमांचे खड्डे राहिले आहेत, त्यावरून क्लासमधली मुलं चिडवतात. ओम पुरींचं उदाहरण देऊन त्याची समजूत घालावी का? – एक आई, नांदेड

उत्तर : नको. सतरा वर्षांच्या मुलाला ‘बघ, त्यांच्याही चेहऱ्यावर देवीचे व्रण होते’ म्हटलं की त्याला एवढंच ऐकू येतं : आईलाही माझे खड्डे दिसतात.

त्यापेक्षा एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर ‘जाने भी दो यारो’ बघा. त्यातला दारूच्या नशेत गाडी हाकणारा आहुजा बघून तो हसेल. मग चार दिवसांनी ‘आक्रोश’ लावा. तोच माणूस आहे हे त्याचं त्याला कळू द्या, तुम्ही बोलू नका. पुढे कधीतरी ‘ईस्ट इज ईस्ट’ : इंग्लंडमध्ये तळलेल्या माशांचं दुकान चालवणारा, मुलांवर ओरडणारा पाकिस्तानी बाप. दिल्लीत इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलाला त्या इंग्रजी कामासाठी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. दोन्ही करा. मेकअप करणाऱ्यांच्या घरगुती लेपांच्या नादी मात्र लागू नका, मी त्यांचे परिणाम पाहिलेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांकडून ‘सद्गती’ बसवत आहे. दुखीचं काम करणारा मुलगा फार मन लावून करतो, पण लाकूड फोडायच्या प्रवेशात खोटा वाटतो. मुख्याध्यापक खऱ्या कुऱ्हाडीला परवानगी देत नाहीत. काय करावं? – एक शिक्षिका, अकोला

उत्तर : मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांगा, ते बरोबर आहेत. प्रयोगात खरी कुऱ्हाड मुळीच नको. पहिल्या रांगेत पालक आणि बालवाडी बसलेली असते.

मुलगा खोटा वाटतो कारण तुमची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायची वस्तू, हलकी आहे. पुठ्ठ्याची कुऱ्हाड केली असणार आणि वर चंदेरी कागद. ती उचलताना खांद्याला काही होतच नाही, मग पोरगं चेहऱ्यानं दमायला बघतं. असं करा : दांडा खरा घ्या, बाभळीचा किंवा जुन्या फावड्याचा. पातं जाड प्लायवूडचं, कडा गोल घासलेल्या, काळपट रंगवलेलं, चंदेरी नको. पात्याच्या बुडाशी कापडात घट्ट बांधलेली वाळू ठेवा, म्हणजे वजन पुढे ओढेल. पातं दांड्यातून आरपार खिळ्यानं पक्कं करा, नुसत्या दोरीवर विसंबू नका. रोज तालमीआधी स्वतः ओढून बघा. ओंडका मात्र खरा आणि गाठीचा ठेवा. घाव ओंडक्याच्या प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला पडू दे, आणि आवाज विंगेतून, लाकडावर लाकूड मारून. तो आवाज देणारा मुलगा हुशार निवडा. सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

आणि एका सकाळी त्या मुलाला ज्यांच्याकडे अजून चूल किंवा बंब आहे अशा घरी न्या. मोठं माणूस शेजारी उभं राहू दे, आणि खऱ्या कुऱ्हाडीनं खरं गाठीचं लाकूड पंधरा मिनिटं फोडू दे. नाश्ता नंतर द्या. राय यांच्या ‘सद्गती’त ओम पुरींचे पहिले घाव आणि शेवटचे घाव शेजारी ठेवून बघा. सुरुवातीला कुऱ्हाड वर जाते, शेवटी माणूसच कुऱ्हाडीबरोबर खाली येतो. तुमच्या मुलाला हे शब्दांत समजावू नका, सोळाव्या मिनिटाला त्याच्या हातांना ते कळलेलं असेल.

तळहाताला फोड आले तर खोबरेल लावा. आणि विंगेत आवाज देणाऱ्या मुलाचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापा, ते नेहमी राहतं.